मधली पायरी

उणे एकेचाळीस.
पारा नळीतच गोठून बसला,
तेव्हापासून खिडकीबाहेर लाल स्पिरिटचा तापमापक टांगलाय.
सार्गिलानाचा त्याच्यावर विश्वास नाही.
ती दारात उभी राहून थुंकते.
थुंकी वाटेतच तडकली
तर धाकट्या पोरांच्या शाळेला सुट्टी.

आज तडकली नाही. तसाही रविवार आहे,
आणि तळ्यावर बर्फ कापायचा आहे,
हिवाळाभर प्यायच्या पाण्याचा.

ट्रॅक्टर नाहीच म्हणाला.
टाकीतलं डिझेल चरबीसारखं थिजलेलं.
लांबलचक रेणू त्याचे, ती वर्गात सांगते,
एकमेकांना लगटून पडले
की उठायचं नाव घेत नाहीत.
प्रेम वगैरे काही नाही त्यांच्यात.
एकाचे इलेक्ट्रॉन जरा एकीकडे झुकतात,
त्या झुकण्याने शेजारचा झुकतो,
पुढच्या क्षणी दोघंही विसरतात.
एवढ्यावर मेण मेण असतं.

मग प्रोकोपी घोडा आणि घसरगाडी घेऊन आला.
तीस वर्षांचा शेजार, बोलणं मोजून.
"सरपण आहे ना?"
"आहे."
मार्चमध्ये उइबान गेला
तेव्हाही त्याने एवढंच विचारलं होतं.

उइबान तिचा थोरला भाऊ.
लाकडांच्या राशीपाशी कुऱ्हाड टेकवून उभा होता,
आणि नव्हता.
आजार नाही, अंथरूण नाही,
घोटभर पाणी दे म्हणणं नाही.

पहारीने रेघ मारायची, मग करवत.
लादी सुटते ती बुडत नाही,
निळी पाठ दाखवत वर तरंगते.
पाणी असताना प्रत्येक रेणू
शेजाऱ्यांचे हात धरतो, सोडतो, दुसरे धरतो,
किती वेळा, कोण मोजणार.
गोठताना मात्र चौघांचेच धरतो
आणि धरलेला हात ताठ करतो.
हातभर अंतर पडलं की आत पोकळी उरते,
म्हणून बर्फ हलका,
म्हणून तळं वरून गोठतं
आणि तळाशी चिखलात मासे जगतात.
जूनच्या सणाला आपण रिंगण धरून नाचतो ना, तसं,
असं ती म्हणाली होती.
आठवीतल्या केस्किलने हात वर केला:
"पण बाई, मधली रिकामी जागा कोणाची?"
तिने फळा पुसला.
फळा आधीच कोरा होता.

सतरा लाद्या. चार खेपा.
घोड्याच्या पापण्या पांढऱ्या.

अंगणात दोरीवर उइबानचे शर्ट.
आठ महिने पेटीत होते,
परवा धुतले, कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून.
बाहेर टांगताच पत्र्यासारखे खडखडले होते,
बाह्या पसरून.
आता हात लावला तर मऊ. कोरडे.
खाली एक थेंब गळलेला नाही.
बाहीतला बर्फ उठून थेट हवेत गेला,
पाण्याच्या पायरीवर पाऊल न टेकता.

संप्लवन. पुस्तकात अर्धी ओळ,
परीक्षेत एक गुण.
दरवर्षी ती भरभर पुढे जायची.
यंदा थांबणार आहे.
सांगणार आहे की थेट जाणाऱ्याला
काही सूट मिळत नाही.
वितळायची उष्णता, वाफ व्हायची उष्णता,
दोन्ही लागतात, दमडी कमी नाही.
बरोबर काही आणलेलं नसतं त्याने,
तेव्हा तो ती आजूबाजूच्यांकडून घेतो.
ते गार पडतात.
कित्येक महिने
शेगडीजवळ बसूनही.

प्रोकोपीने घोडा सोडला, पण निघाला नाही.
दोघांचा श्वास तोंडाबाहेर पडताच
बारीक सरसरत गोठत होता.
इथले लोक म्हणतात, तारे कुजबुजतात.
"सरपण..." त्याने सुरुवात केली,
मग दोरीकडे जरासा वळला,
खरंच जरासा,
आणि हातमोज्याने एक बाही उचलून पाहिली.

"हा निळा मला तोकडा होईल."

"घालून तर बघ," ती म्हणाली.